मोबाइलवर मेल उघडते, संस्थेच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही – मदत हवी

माणकाठ | ६ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.१०

नमस्कार. आटपाडी तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत मी सचिव आहे. सोमवारपासून संस्थेच्या कॉम्प्युटरवर जीमेल उघडत नाही. पत्ता टाकला की थोडा वेळ चाक फिरतं आणि मग पांढऱ्या पानावर इंग्रजी मजकूर येतो. तेच खातं माझ्या मोबाइलवर व्यवस्थित चालतंय, आणि मोबाइल त्याच वायफायवर आहे.

आमच्याकडे दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं. १ ते १० तारखेचा फॅट-एसएनएफचा (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक) तक्ता तालुक्याच्या दूध संघाकडून मेलवर एक्सेलमध्ये येतो आणि तो बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा असतो. ११ तारखेपर्यंत काहीतरी मार्ग निघायला हवा, नाहीतर सभासदांचे पैसे अडकतील.

कॉम्प्युटर विंडोज १० चा आहे, ब्राउझर क्रोम. दुरुस्तीवाल्या मुलानं बघितलं, तो म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. त्यात सभासदांचा मागच्या कितीतरी वर्षांचा हिशोब आहे, म्हणून मी थांबवलंय. फॉरमॅटशिवाय काही होईल का?

---

डोंगरवाट | ६ नोव्हेंबर, सकाळी ११.३२

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. त्यामुळेच बंद झालं असणार. विंडोज ११ टाका.

---

रानजाई | ६ नोव्हेंबर, सकाळी ११.५०

सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेट फुकट मिळायचे थांबले. त्या दिवसापासून मेल उघडायची बंद होत नाही. माझ्या घरी विंडोज १० वरच क्रोम आणि जीमेल रोज चालू आहे.

माणकाठ, आधी एक सोपी परीक्षा करा. क्रोम उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबा. काळी खिडकी उघडेल, ती इनकॉग्निटो. तिच्यात जीमेल उघडतं का बघा. तिथे उघडलं तर बिघाड क्रोमच्या साठवलेल्या कुकीजमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या जादा प्रोग्रॅममध्ये, आहे. तिथेही उघडलं नाही तर ब्राउझर साफ करत बसण्यात अर्थ नाही.

आणि कृपा करून "सगळं क्लिअर करा" असं कोणी सांगितलं तर लगेच करू नका. त्यात साठवलेले पासवर्डही पुसले जाऊ शकतात, आणि संस्थेच्या कॉम्प्युटरवर कोणते पासवर्ड कोणाला पाठ आहेत हे आधी कोणालाच ठाऊक नसतं.

---

माणकाठ | ६ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

केलं. काळ्या खिडकीतही तेच पान. मग मायक्रोसॉफ्टचा एज उघडून बघितला, त्यातही उघडत नाही.

---

कळफलक | ६ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

ताई, मी इचलकरंजीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. दोन्ही ब्राउझरांत तेच होतंय म्हणजे कुकीज, एक्स्टेन्शन यांच्यावरचा संशय जवळजवळ गेला. मोबाइल त्याच वायफायवर चालतोय म्हणून नेट आणि खातं दोन्ही ठीक असावं. पण "असावं" म्हणतोय. मोबाइलवर तुम्ही ॲप बघताय. ॲप आधी उतरवलेल्या मेल दाखवत राहतं, नेट धड नसलं तरी. म्हणून मोबाइलच्या क्रोममध्ये जीमेल उघडून बघा.

मला तुमच्याकडून आणखी तीन गोष्टी हव्यात. इंग्रजी मजकुरात नेमके शब्द काय आहेत? त्या कॉम्प्युटरवर गुगलचा साधा शोध चालतो का? आणि दुसरं कोणतं पान उघडतं, कोणतं उघडत नाही?

पहिली सगळ्यात महत्त्वाची. "एरर येतोय" एवढंच सांगून लोक कॉम्प्युटर दुकानात ठेवून जातात आणि पडद्यावर उत्तर लिहिलेलं असतं. पत्ता सापडत नाही, जोडणी तुटली, प्रमाणपत्र चुकीचं, पान फिरून फिरून तिथंच येतंय, हे सगळे वेगवेगळे आजार आहेत. मजकूर वाचल्याशिवाय फॉरमॅट सुचवणं मला पटत नाही.

---

माणकाठ | ६ नोव्हेंबर, दुपारी १.३०

मोबाइलच्या क्रोममध्ये उघडलं. कॉम्प्युटरवर गुगलचा शोध चालत नाही, यूट्यूबही नाही. बातम्यांचं पान उघडतं. बँकेचं पान सोमवारी उघडलं नव्हतं, पण मंगळवारपासून उघडायला लागलं, म्हणून वाटलं जीमेलही आपोआप सुरू होईल.

मजकूर मोठ्या अक्षरात "युअर क्लॉक इज बिहाइंड", म्हणजे तुमचं घड्याळ मागे आहे, असा आहे. पण आमचं घड्याळ बरोबर आहे, मोबाइलशी मिनिटामिनिटाला जुळतं. म्हणून दुरुस्तीवाला म्हणाला हा व्हायरसचा खोटा मजकूर आहे.

---

उत्तररात्र | ६ नोव्हेंबर, दुपारी १.५५

म्युनिकहून लिहितोय, नेटवर्कच्याच कामात आहे. गुगलचं सगळं बंद आणि बातम्या चालू, ही खूण फार बोलकी आहे. बँकेचं मंगळवारी सुरू होणं तर त्याहून जास्त. कळफलक, तुमच्या डोक्यात आलंय तेच माझ्याही आलंय असं दिसतं.

---

कळफलक | ६ नोव्हेंबर, दुपारी २.०५

हो. ताई, वेळ जुळते हे मान्य. तारीख बघितली का?

खालच्या पट्टीत चिन्हं छोटी ठेवली असतील तर विंडोज १० तिथे फक्त वेळ दाखवतं, तारीख दाखवत नाही. त्या वेळेवर माउस नेऊन थांबा, तारीख वर येईल. आणि त्या पांढऱ्या पानावर मोठ्या अक्षरांच्या खाली बारीक ओळ असते, तिच्यात कंसात कॉम्प्युटरची तारीख लिहिलेली असते. ती जशीच्या तशी इथे लिहा.

---

माणकाठ | ६ नोव्हेंबर, दुपारी २.२०

"वेन्सडे, जून ११, २०२५".

आज तर गुरुवार, ६ नोव्हेंबर! वर्ष बरोबर आहे, वेळ बरोबर आहे, महिना-दिवस कुठून आला?

---

कळफलक | ६ नोव्हेंबर, दुपारी २.४५

६-११ चं ११ जून झालंय. कोणीतरी आधी दिवस, मग महिना भरतंय, आणि मशीन आधी महिना, मग दिवस असं वाचतंय.

सकाळी कॉम्प्युटर कोण चालू करतं? चालू करताना काळ्या पडद्यावर "एफ वन दाबा" असं काही येतं का? आणि रात्री मेन स्विच बंद करता का?

---

माणकाठ | ६ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

शिपाईमामांना विचारलं. पहाटेचं संकलन झालं की तेच ऑफिस उघडून कॉम्प्युटर लावतात. सोमवारपासून काळा पडदा येतो, एफ वन दाबला की निळं पान येतं, त्यात तारीख आणि वेळ २०१५ सालची असते. ती ते रोज भरतात आणि मग विंडोज सुरू होतं. मेन स्विच रात्री नेहमीच बंद असतो, शॉर्टसर्किटच्या भीतीनं.

मामांना वाईट वाटलं. म्हणाले, मी तर रोज नीट बघून तारीख घालतो.

---

कळफलक | ६ नोव्हेंबर, दुपारी ४.००

मामांना सांगा, त्यांचं काही चुकलेलं नाही. आपण सगळे दिवस आधी लिहितो. ते निळं पान म्हणजे बायॉस, विंडोजच्या आधी सुरू होणारी मशीनची स्वतःची सेटिंग, त्यात बहुतेक वेळा महिन्याचा रकाना पहिला असतो. उलट वर्ष आणि वेळ त्यांनी रोज काळजीनं बरोबर घातली म्हणून बाकीचं काम चालू राहिलं.

मूळ दोष मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरच्या, सेलमध्ये आहे. नाण्यासारखा गोल सेल असतो, त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, तीन व्होल्टचा. वीज नसताना मशीनचं घड्याळ त्याच्यावर चालतं. मेन स्विच पूर्वीही बंद करत होतात, पण सेल जिवंत होता तोवर काही बिघडलं नाही. आता सेल संपलाय, म्हणून रात्री वीज बंद झाली की घड्याळ परत २०१५ वर जातं.

आत्ता हे करा. खालच्या वेळेवर उजवी कळ दाबून तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जा. वेळ आपोआप ठेवण्याचं बटण बंद असेल तर आधी हातानं ६ नोव्हेंबर घाला, मग ते बटण चालू करा आणि "सिंक नाऊ" दाबा. हातानं आधी घालायचं कारण, फरक फार मोठा असला तर विंडोज स्वतः होऊन घड्याळ जुळवायला नकार देऊ शकतं. टाइम झोनमध्ये साडेपाच तासांचा, मुंबई-दिल्ली लिहिलेला पर्याय आहे ना तेही बघा. मग ब्राउझर बंद करून परत उघडा.

---

माणकाठ | ६ नोव्हेंबर, दुपारी ४.२५

उघडलं! जीमेल, गुगल, यूट्यूब सगळं. आपोआपचं बटण बंदच होतं. तुम्हा सगळ्यांचे फार फार आभार. आमच्या चेअरमनसाहेबांनी उद्या फॉरमॅटसाठी मशीन पाठवायचं ठरवलं होतं.

पण एक समजलं नाही. तारीख चुकली तर सगळंच बंद पडायला हवं ना? बातम्या आणि बँक कशी चालली?

---

उत्तररात्र | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.१०

प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत" असं लिहिलेलं असतं. ब्राउझर ते वाचतो आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडतो. घड्याळ त्या दोन तारखांच्या मध्ये असलं तर पान उघडतं.

गुगलची प्रमाणपत्रं सुमारे बारा आठवड्यांचीच असतात, म्हणजे आज वापरात असलेलं प्रमाणपत्र या पावसाळ्याच्या शेवटी किंवा त्यानंतर निघालेलं. तुमच्या कॉम्प्युटरच्या हिशोबानं जून चालू आहे, त्यामुळे ते "भविष्यातलं" ठरलं आणि ब्राउझरनं नाकारलं. बाकीच्या बऱ्याच संस्था वर्षभराचं प्रमाणपत्र घेतात. सप्टेंबर २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवस आहे. बातम्यांच्या पानाचं प्रमाणपत्र वर्षाच्या सुरुवातीचं असेल, म्हणून जूनमध्येही ते वैध दिसलं.

आता बँकेकडे बघा. सोमवारी ३-११, म्हणजे मशीनला ११ मार्च. मंगळवारी ४-११, म्हणजे ११ एप्रिल. बँकेचं प्रमाणपत्र त्या दोन तारखांच्या मधे कधीतरी निघालेलं असणार. सोमवारी ते अजून जन्मलं नव्हतं, मंगळवारी जन्मलं होतं. रोज सकाळी तुमचं मशीन एकेक महिना पुढे सरकत होतं.

याच हिशोबानं ११ तारखेला ११-११ म्हणजे ११ नोव्हेंबरच झाला असता. जीमेल आपोआप उघडलं असतं, बिलही निघालं असतं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता. १३ तारखेला मात्र बायॉसनं तेरावा महिना घेतलाच नसता.

मोबाइल टॉवरकडून वेळ घेतो, त्यामुळे त्याला हा त्रास झाला नाही.

---

रानजाई | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.४०

किती सुंदर समजावलंत. बँकेचा खुलासा मी दोनदा वाचला.

पुढे असे प्रकार वाढतील का? सगळ्यांचीच मुदत कमी होणार असं वाचलं होतं.

---

उत्तररात्र | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.००

होणार आहे. ब्राउझर बनवणारे आणि प्रमाणपत्रं देणारे यांच्या मंचानं यंदा एप्रिलमध्ये ते मंजूर केलंय. १५ मार्च २०२६ पासून कमाल २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे घड्याळ दोन महिने चुकलं तर बँक, बातम्या, सरकारी पोर्टल, सगळंच बंद दिसेल. सेल वेळेवर बदलणं जास्त गरजेचं होत जाईल.

---

कळफलक | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

ताई, मेल उघडली तरी एक काम राहिलंय आणि मला त्याचीच जास्त काळजी आहे. सोमवार ते आज या कॉम्प्युटरवर जे काही सेव्ह झालं त्यावर मार्च, एप्रिल, मे, जून अशा तारखा पडल्या असतील. रोजकीर्दीत सॉफ्टवेअर तारीख स्वतः घालत असेल तर त्या नोंदी एकेक करून तपासा. बॅकअपच्या फाइलींकडे विशेष लक्ष द्या. ज्या फाइलीवर मार्च लिहिलंय ती या सोमवारची असू शकते. जुनी समजून कोणी पुसली तर नुकसान मोठं होईल. आणि आजच एक पूर्ण बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, नाव देताना तारीख अक्षरात लिहा.

सेल बदलताना कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीतून काढा, नंतर चालू करायचं बटण एकदा दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. सेलच्या कडेला छोटी पकड असते ती बाजूला केली की सेल वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. जुना सेल कसा होता त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग एकदा बायॉसमध्ये महिना-दिवस या क्रमानं तारीख घाला. महिना पहिला आहे की नाही याची शंका असेल तर आठवड्याचा वार बघा, बऱ्याच बायॉसमध्ये तो शेजारी दिसतो. वार जुळला तर तारीख बरोबर.

---

शाळासोबती | ७ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

या धाग्यात माझाही प्रश्न विचारतो, वेगळा धागा काढत नाही. मी निवृत्त शिक्षक, कराडजवळ राहतो. माझ्याकडे दोन जीबी मेमरीचा जुना कॉम्प्युटर आहे. पूर्वी जीमेलचं एक साधं रूप होतं, निळ्या दुव्यांचं, ते क्षणात उघडायचं. तो बुकमार्क मी जपून ठेवला होता. आता त्यावर गेलं तरी मोठं जीमेल उघडतं आणि लिफाफ्याच्या चित्रावरच अडकून राहतं. माझी तारीख बरोबर आहे, आत्ताच बघितली.

---

रानजाई | ७ नोव्हेंबर, सकाळी ९.५०

सर, ते साधं एचटीएमएल रूप गुगलनं २०२४ च्या सुरुवातीला बंद केलं. ते परत आणता येणार नाही. मंद नेट आणि जुनी मशीनं असणाऱ्यांना त्याचा मोठा आधार होता, ते जायला नको होतं असं मलाही मनापासून वाटतं.

दोन गोष्टी करून बघा. जीमेल एकदा कसंबसं उघडलं की सेटिंगमध्ये चॅट आणि मीट बंद करा आणि एका पानावर दिसणाऱ्या मेल ५० च्या १० करा. बाकीचे टॅब बंद ठेवा. एवढ्यानं थोडा फरक पडेल.

तरी जड वाटलं तर ब्राउझरचा नाद सोडून थंडरबर्ड वापरा. ते फुकट आहे, मेल वाचण्यासाठीच बनवलेलं आहे. खातं जोडताना गुगलचीच खिडकी उघडून पासवर्ड विचारते, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही. फक्त आयमॅप निवडा, पॉप नको. आयमॅपमध्ये मेल गुगलकडेच राहते, मोबाइलवरही तशीच दिसते. आणि साठवणुकीच्या सेटिंगमध्ये शेवटच्या ३० दिवसांच्याच मेल उतरवा असं सांगा, नाहीतर वर्षानुवर्षांच्या सगळ्या मेल उतरवत बसेल.

---

बार्देशी | ७ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

म्हापश्याहून. माझ्याकडे नवा राउटर बसवल्यापासून जीमेल अर्धवट उघडतं. डावीकडची यादी येते, मेल येत नाहीत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच लॅपटॉप जोडला की सगळं चालतं. तारीख बरोबर, इनकॉग्निटोतही तेच.

---

उत्तररात्र | ७ नोव्हेंबर, दुपारी १.४०

हॉटस्पॉटवर चालतं म्हणजे लॅपटॉप आणि खातं निर्दोष. राउटरमध्ये बघा. जोडणी वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड घालून होत असेल, म्हणजे पीपीपीओई प्रकारची, तर एमटीयू नावाचा आकडा, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या एका पाकिटाचा कमाल आकार, १५०० च्या ऐवजी १४९२ हवा. त्या जोडणीत प्रत्येक पाकिटामागे आठ बाइट मधल्या वेष्टनाला लागतात. आकडा मोठा राहिला तर छोटी पाकिटं जातात, मोठी वाटेत अडतात. यादी येणं आणि मेल न येणं हे त्याच्याशी जुळतं. फरक पडला नाही तर राउटरमध्ये आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) थोडा वेळ बंद करून बघा आणि काय झालं ते इथे लिहा.

---

रानजाई | ७ नोव्हेंबर, दुपारी २.१०

मेल उघडत नाही म्हणून इथे येणाऱ्या सगळ्यांसाठी एक कळकळीची सूचना. गुगलवर "जीमेल कस्टमर केअर नंबर" शोधू नका. फुकटच्या खात्यासाठी फोनवर बोलणारी मदत नसते. शोधात जे नंबर मिळतात ते बहुतेक फसवणाऱ्यांचे. आमच्या नात्यातल्या एका काकांना अशाच नंबरवरच्या माणसानं कॉम्प्युटर दुरून हाताळायचं ॲप टाकायला लावलं आणि मेलच्या नावाखाली बँकेचं खातं उघडायला सांगितलं. मुलगी वेळेवर घरी आली म्हणून थांबलं. असं काही झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे थांबण्याची शक्यता जास्त.

---

माणकाठ | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

सेल शनिवारी बदलला. शिपाईमामांनीच बदलला, मी फोटो काढले. तेव्हापासून मेन स्विच रात्री बंद असूनही सकाळी काळा पडदा आलेला नाही आणि तारीख जागेवर आहे. खालच्या पट्टीतली चिन्हं मोठी केली, आता तारीख समोर दिसते.

कळफलकदादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. बॅकअपच्या फाइलींवर मार्च ते जून पडलं होतं. त्यांची नावं बदलून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या. रोजकीर्दीत तारीख मी हातानं घालते, त्यामुळे नोंदी ठीक होत्या. एका पावतीवर मात्र ११ मे छापलं होतं, ती त्या सभासदांना बोलावून बदलून दिली.

संघाचा तक्ता आज सकाळी मेलवर आला, चढवला, बिल तयार झालं. उद्या सभासदांच्या खात्यावर पैसे जातील.

---

बार्देशी | ११ नोव्हेंबर, रात्री ९.०५

एमटीयू १४९२ केलं. मेल पूर्ण उघडतात. देव बरें करूं.

---

शाळासोबती | १२ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

थंडरबर्ड बसवलं, नातवानं फोनवरून एकेक पायरी सांगितली. मेल लगेच दिसतात. पाठवलेल्या मेल दोन ठिकाणी दिसतायत, तो दोष आहे का?

---

रानजाई | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

दोष नाही, सर. जीमेलमध्ये "ऑल मेल" नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक मेल पुन्हा दिसते. थंडरबर्डमध्ये त्या फोल्डरची सदस्यता काढून टाका, मेल पुसली जाणार नाही. त्या फोल्डरमधून मात्र काही डिलीट करू नका.